उघड्या पट्टीवरचे उंदीर

१८ सप्टेंबर १९९७, गुरुवार

डायरी जानेवारीपासून लिहायची असते हे मला ठाऊक आहे. पण ही मला एका एमआरने, म्हणजे औषध कंपनीच्या फिरत्या प्रतिनिधीने, आज दिली, कारण वर्ष संपत आलं आणि त्याच्या बॅगेत ती उगाच जागा अडवत होती. जानेवारी ते ऑगस्टची पानं कोरी राहणार. त्या महिन्यांत माझ्या बाबतीत तसं काही घडलंही नव्हतं.

मी नंदकुमार शेवडे, वय तेहतीस, एम.फार्म., राहणार नेरुळ, सिडकोची इमारत, दुसरा मजला. हे स्वतःच्याच डायरीत कशाला लिहितोय कळत नाही, पण लिहून झालं. रबाळ्याच्या एमआयडीसीत आयुर्वेदिक औषधांच्या एका कंपनीत नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी लागलो तेव्हा प्रोबेशनवर होतो आणि अजूनही आहे. मध्ये कुणी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. मालकीण जयमालाबाई, त्यांना सगळे मॅडम म्हणतात. त्यांनी 'निश्चिंत' नावाचं सिरप काढलंय. काळजी, धडधड, परीक्षेची भीती, सासरची भीती, सगळ्यावर एकच बाटली. ते खरंच चालतं का, हे उंदरांवर बघायचं काम माझ्याकडे आणि बुशराकडे आलंय. बुशरा तुंगेकर उरणची, माझ्याहून बरीच लहान. कुणालाही काहीही तोंडावर विचारते. मला तिची काळजी वाटते.

आज सुताराने मेझ, म्हणजे उंदरांच्या चाचणीचा सांगाडा, आणून दिला. कमरेएवढ्या स्टँडवर प्लायवूडची मोठी अधिकची खूण. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी भिंती. उरलेल्या दोन उघड्या, कडेला काही नाही, खाली सरळ फरशी. उंदराला मधोमध सोडायचं आणि पाच मिनिटं बघायचं. घाबरलेला उंदीर भिंतींच्या आत जाऊन बसतो. ज्याला भीती कमी तो उघड्या पट्टीवर फिरून येतो. उघड्यावर किती वेळ काढला ते स्टॉपवॉचवर मोजायचं. स्टॉपवॉच माझ्याकडे.

सुतार म्हणाला, "साहेब, याच्यावर टीव्ही ठेवणार की मिक्सर?" मी संशोधन म्हणालो. तो म्हणाला, "मग मजबूत आहे."

घरी आल्यावर ईश्वरीला सगळं समजावून सांगितलं. (ईश्वरी हे नाव लग्नात आईने ठेवलं. त्या नावाच्या बाईला कुणी नाही म्हणत नाही हे आईच्या तेव्हा लक्षात आलं नसावं.) ती गवार मोडत होती. तिने विचारलं, "आणि तुम्हाला मधोमध सोडलं तर कुठे जाल?" मी म्हणालो, हा प्रश्न शास्त्रीय नाही. "भिंतीत," ती म्हणाली आणि गवार मोडत राहिली.

२० सप्टेंबर, शनिवार

मॅडमच्या केबिनमध्ये मीटिंग. मॅडम म्हणाल्या, पितृपक्ष चालू आहे, नव्या औषधाचा पहिला डोस आत्ता द्यायचा नाही. तो दसऱ्याच्या मुहूर्तावर. "तोपर्यंत साध्या पाण्याच्या उंदरांचं उरकून घ्या. पाण्याला काय मुहूर्त लागतो?"

बुशरा म्हणाली, "मॅडम, दोन्ही गट मिसळून घ्यायला पाहिजेत. एकाच दिवशी थोडे पाण्याचे, थोडे औषधाचे. नाहीतर मधे काही बदललं तर आपल्याला कळणार कसं?"

"मधे काय बदलणार आहे? खोली तीच, उंदीर तेच, शेवडे तेच."

बुशराने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. पंखा व्यवस्थित चालला होता.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सर, तुमी काहीच बोलला नाहीत." मी म्हणालो, योग्य वेळ बघून बोलणार आहे. "वेळ होती ना. आत्ताच होती." मी तिला म्हणालो, नोकरीत काही गोष्टी हळूहळू समजतात. तिने समजल्यासारखी मान हलवली, पण मला नाही वाटत तिला समजलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

पाण्याचे उंदीर, म्हणजे कंट्रोल ग्रुप, सुरू. मधोमध सोडला की पहिला विचार भिंतींचा. आत शिरतात, कोपऱ्यात पाठ लावतात, मिशा तेवढ्या बाहेर काढून उघड्या पट्टीचा अंदाज घेतात आणि परत आत जातात. एकाने पुढचे दोन पाय बाहेर टाकले तेव्हा मी श्वास रोखला. पण त्याने ते परत घेतले. त्याचं मला अगदी पटलं.

उंदरांची देखभाल बाळाबाई करतात. दिघ्याहून येतात. पिंजरे धुतात, भुसा बदलतात आणि उंदरांशी मोठ्याने बोलतात. आज बराच वेळ माझ्यामागे उभ्या राहून बघत होत्या. "सायब, उंदरांचं भ्या मोजाला एवढी फुली कशाला? मांजर आना. लगेच कलंल." मी त्यांना पद्धत समजावून सांगितली. "बरं," त्या म्हणाल्या, "मंग मांजर नको. मांजर सस्ती परते, पन ऱ्हाऊ द्या."

संध्याकाळी घरी आलो तर स्कूटर लावायच्या आमच्या जागेत परत चेअरमनसाहेबांची स्कूटर. गंगाराम टेमकर, सोसायटीचे चेअरमन. त्यांची स्वतःची जागा आहे, पण ती जिन्यापासून लांब पडते. मी माझी बदामाच्या झाडाखाली लावली, जिथे कावळ्यांची शाखा भरते. ईश्वरी म्हणाली, "सांगा ना त्यांना." मी म्हणालो, जनरल बॉडीत मुद्दा घेणार आहे. तिने जनरल बॉडी कधी आहे विचारलं. मार्चमध्ये.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज मॅडमनी एकट्याला बोलावलं. सबंध जिना चढताना मी आठवत होतो की माझ्या हातून काय झालं असेल, आणि तीन-चार गोष्टी तयार ठेवल्या. पण ते नव्हतं.

"शेवडे," त्या म्हणाल्या, "तुमच्या प्रयोगाच्या खोलीत मला पॅकिंगची टेबलं टाकायची आहेत. जावई मागे लागलेत. मी त्यांना म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा. 'निश्चिंत'चा निकाल आला की तुम्हाला कायम करते आणि लॅब राहते. नाहीतर मग बघू."

"बघू" हा शब्द मला कधीच झेपलेला नाही. म्हणजे बुशरा, बाळाबाई, उंदीर आणि मी, आम्हा सगळ्यांचं 'निश्चिंत'वर आहे. घरी येऊन ईश्वरीला सांगितलं. ती म्हणाली, "पण कायम करणार म्हणाल्या ना? मग तोंड असं का?" मी म्हणालो, निकाल चांगला नाही आला तर? "चांगला आला तर, असं म्हणाल्या का त्या?" मी म्हणालो, तोच अर्थ होता. त्या रागावल्या की त्यांच्या भुवया बोलतात, आणि मी भुवया वाचतो.

११ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

सकाळी कंपनीत यंत्रपूजा. बॉयलर, टॅब्लेट मशीन, लिफ्ट, मॅडमची गाडी आणि शेवटी आमचा मेझ. मॅडमनी हिरवी पैठणी नेसली होती. मेझला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, पाणी शिंपडलं. मग ओल्या कुंकवाचे स्वस्तिक काढले आणि प्रत्येकावर गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य ठेवला. स्वस्तिक दोनच, दोन्ही उघड्या पट्ट्यांच्या टोकाशी. भिंतींच्या पट्ट्यांत त्यांचा हात जाईना, बांगड्या अडत होत्या. बुशराने झेंडूच्या पाकळ्या छान गोल मांडल्या. बाळाबाईंनी पिंजऱ्यांनाही हळदीकुंकू लावलं. एका उंदराच्या कपाळावरसुद्धा लागलं, तो दिवसभर प्रतिष्ठित दिसत होता.

नैवेद्य दुपारपर्यंत तसाच ठेवायचा असतो, म्हणून ठेवला. ऑक्टोबरचं ऊन आणि पत्र्याचं छप्पर, त्यामुळे गूळ पाघळून प्लायवूडवर पसरला. तो मी स्वतः खरवडून काढला. मॅडमनी बजावून सांगितलं, "बाकी पुसा, पण स्वस्तिकाला हात लावायचा नाही. वर्षभर राहू द्यायचं."

आता मी काही अडाणी नाही. प्रत्येक उंदरानंतर मेझ स्पिरिटने पुसावा लागतो, आणि स्वस्तिक राहिला तर प्रयोगावर परिणाम होईल का, याचा मी नीट विचार केला. उंदराला लाल रंग धड दिसत नाही. म्हणजे कुंकवाने काही बिघडायचं कारण नाही. हे बुशरालाही सांगितलं. ती म्हणाली, "रंगाचं बरोबर आहे, सर." तिचंही समाधान झालं याचा मला आनंद वाटला. स्वस्तिकाच्या कडेकडेने पुसायचं ठरलं.

मुहूर्तावर 'निश्चिंत'चा पहिला डोस दिला. येताना सँपलच्या दोन बाटल्या मॅडमनी माझ्या पिशवीत टाकल्या, प्रसाद म्हणून. घरी फडताळात ठेवल्यात. ईश्वरीने लेबल दोनदा वाचलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

विश्वास बसत नाही! औषधाचे उंदीर उघड्यावर चालले. नुसते चालले नाहीत, टोकापर्यंत गेले. टोकाला जाऊन थांबले, बराच वेळ थांबले, जणू समोरचा देखावा बघताहेत. बुशरा आत डोस द्यायला होती, तिला मी ओरडून बोलावलं. ती येईपर्यंत उंदीर परत आला होता. ती फक्त म्हणाली, "टोकालाच का थांबतात?" मी म्हणालो, धैर्याला टोकच लागतं. हे वाक्य मला फार आवडलं, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

चहा आज जरा काढ्यासारखा लागला. ईश्वरी म्हणाली, गवती चहाची जुडी दुसरीकडून घेतलीय.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

उंदीर रोज टोकाला. निकाल इतका सुंदर येतोय की आलेख काढताना कागद पुरत नाही.

एकच त्रास, मुंग्या. लाल, बारीक. भिंतीवरून येतात, स्टँडच्या पायावरून चढतात आणि मेझवर जातात. मी बाळाबाईंना बोललो की डबा इथे खाऊ नका. त्या चिडल्या. "मी काय गोर खातंय का सायब? माज्या डब्यात सुकट हाय. सुकटीला कवा लाल मुंगी लागलीय?" मी विषय वाढवला नाही. दोन-चार रोज स्टँडच्या पायांभोवती पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या येईनाशा होतील.

घरी एक निरीक्षण. फडताळातल्या 'निश्चिंत'च्या बाटलीची पातळी कमी झाल्यासारखी वाटते. बूच घट्ट आहे, तरी. औषधातले काही घटक उडून जाणारे असावेत. हे पॅकिंगच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे, अहवालात लिहायला हवं.

ईश्वरी हल्ली माझ्या कामात फार रस घेते. रोज संध्याकाळी विचारते, "आज कसं वाटलं? धडधडलं का कुठे?" दोन वर्षांत पहिल्यांदाच असं विचारते. मला भरून आलं. आज तर म्हणाली, "खाली टेमकर भेटले का? काही बोललात?" मी म्हणालो, नमस्कार केला. "नुसता?" तिने विचारलं. नुसताच.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मॅडमनी आलेख बघितला आणि डोळ्यांना पदर लावला. दिवंगत साहेबांचं, त्यांच्या यजमानांचं, स्वप्न होतं म्हणाल्या. मग जावयांना फोन करून म्हणाल्या, "टेबलं दुसरीकडे टाका." पुढच्या शनिवारी वाशीच्या एका हॉलमध्ये डॉक्टर, वैद्य आणि स्टॉकिस्ट बोलावले आहेत. तिथे मी आलेख दाखवायचा. त्याच दिवशी कायम झाल्याचं जाहीर करणार.

माणसांसमोर बोलायचं या कल्पनेने दुपारी पोटात गोळा आला. पण खोटं कशाला लिहू, नेहमीपेक्षा लहान होता.

२० ऑक्टोबर, सोमवार

हे लिहायचं नाहीये, पण लिहितो.

आज बुशराच्या हाताला डोस देताना उंदीर चावला, म्हणून ती पट्टी बांधून माझ्याशेजारी येऊन बसली. पहिल्यांदाच माझ्यासोबत पूर्ण वेळ मेझकडे बघत होती. उंदीर नेहमीसारखा टोकाला गेला आणि थांबला. मी स्टॉपवॉचकडे बघत होतो. ती उंदराकडे बघत होती.

"सर," ती म्हणाली, "तो देखावा नाही बघत. चाटतोय."

मी वाकून बघितलं. स्वस्तिकाच्या रेषेला नाक लावून, दोन्ही हातांनी प्लायवूड धरून, उंदीर मन लावून चाटत होता. एक मुंगी त्याच्या मिशीवरून गेली तरी त्याने लक्ष दिलं नाही. मी बोटाने स्वस्तिकाला स्पर्श केला आणि बोट जिभेला लावलं.

गूळ. वर थोडं खोबरं.

बाळाबाई मागून म्हणाल्या, "काय झालं? मेला का?" मी म्हणालो, नाही, उंदीर मजेत आहे.

आतापर्यंत उघड्यावर आलेला एकूण एक उंदीर प्रसादाला आला होता. पाण्याच्या उंदरांच्या वेळी मेझवर गूळ नव्हता, म्हणून ते भिंतीत बसले. मी रंगाचा विचार केला, प्रकाशाचा केला, वासाचाही स्पिरिटपुरता केला. गुळाचा केला नाही. स्वतःच्या हाताने खरवडलेल्या गुळाचा.

बुशरा म्हणाली, "आता?" मी पंख्याकडे बघितलं. लाइट गेली होती, पंखा बंद होता.

मग मी स्पिरिटची बाटली घेतली आणि स्वस्तिक पुसले. दोन्ही. नंतर पाण्याने, परत स्पिरिटने, कुंकू फडक्याला येईनासं होईपर्यंत. बाळाबाईंनी कानाला हात लावले. मला इतकी भीती वाटली की वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. पण पुसल्यावर वाटली, आधी नाही. हे नवीन आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

परत प्रयोग. नवे उंदीर, बुशराच्या पद्धतीने. आतल्या खोलीत ती कुणाला औषध, कुणाला साखरेचं पाणी देते, आणि मला सांगत नाही. बाळाबाई पिंजरे उलटेसुलटे करून आणतात. मी फक्त बघतो. आणि या वेळी खरोखर उंदराकडे बघतो.

आज सगळं जुळवून बघितलं. सगळे भिंतीत. औषधाचे भिंतीत, पाण्याचे भिंतीत. दोन्ही गट सख्ख्या भावांसारखे. 'निश्चिंत'ने उंदराला काहीही होत नाही. वाईटही नाही, चांगलंही नाही. गोड सिरप आहे, इतकंच.

मॅडमना सांगायला दोनदा वर गेलो. एकदा त्या फोनवर होत्या, एकदा पूजेत. बुशरा म्हणाली, "सर, तुमी नाही सांगितलं तर मी सांगेन." मी म्हणालो, नाही, स्टॉपवॉच माझ्या हातात होतं, मीच सांगणार. बोलून झाल्यावर माझाच मला अचंबा वाटला.

शनिवारी काय होईल माहीत नाही. कायम होणं गेलं असं धरून चालतो. लॅबही जाईल. बुशराला दुसरीकडे मिळेल, बाळाबाईंना पॅकिंगमध्ये घेतील. उंदरांचं काय करतात ते मी विचारलं नाही. ईश्वरीला अजून सांगितलेलं नाही. तिने आज चहा देताना माझ्या कपाळावर हात ठेवला. चहा अजून तसाच लागतो. गवती चहावाल्याला काहीतरी सांगायला हवं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी हॉलवर लवकर गेलो, मॅडमना आधी एकटं गाठावं म्हणून. त्या पेढ्यांचे बॉक्स मोजत होत्या. मी म्हणालो, मॅडम, निकालाबद्दल थोडं बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, "स्टेजवर बोला हो, सगळ्यांसमोर. माझ्याशी काय बोलताय?" आणि मला ढकललंच.

प्रोजेक्टरवर पहिली ट्रान्सपरन्सी, म्हणजे आलेखाची पारदर्शक फिल्म, उलटी लागली. लोक हसले. सरळ केली. औषधाचा खांब उंच, पाण्याचा बुटका. मॅडम पहिल्या रांगेत, त्याच हिरव्या पैठणीत. टाळ्या सुरू झाल्या. मी म्हणालो, "थांबा." माइकमधून ते फारच मोठ्याने गेलं.

पुढचं नीट आठवत नाही. म्हणालो की हा आलेख चुकीचा आहे, कारण मेझवर पूजेचा गूळ लागला होता आणि मी तो नीट काढला नाही. उंदीर औषधाने धीट झाले नव्हते, गुळासाठी आले होते. मग दुसरी ट्रान्सपरन्सी लावली. दोन खांब, दोन्ही बुटके, एकाच उंचीचे. "मेझ धुतल्यावर हा निकाल आला. उंदरांवर तरी या औषधाचा परिणाम दिसत नाही."

हॉलमध्ये कुणीतरी चमचा पाडला. मागच्या रांगेतले एक म्हातारे वैद्य हसायला लागले आणि त्यांना थांबता येईना. जावई उभे राहिले. मॅडम बसूनच होत्या.

"शेवडे," त्या म्हणाल्या, "गूळ मी ठेवला होता."

मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. आत्ताही नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "हो, मॅडम."

"आणि माझे स्वस्तिक?"

"पुसले."

भुवया वाचायचा प्रयत्न केला, पण चष्म्यावर प्रोजेक्टरचा उजेड पडला होता. "जेवून घ्या सगळे," त्या लोकांना म्हणाल्या. मला म्हणाल्या, "सोमवारी या."

घरी येऊन ईश्वरीला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती पदराला हात पुसत ऐकत राहिली. मी म्हणालो, अगं, निदान रागाव तरी. औषध अगदीच कुचकामी निघालं, साखरेचं पाणी आणि ते, दोन्ही सारखंच.

"अगदीच सारखं?" तिने विचारलं. "माणसावर पण?"

"माणसावर कोण बघतंय?"

तिने फडताळातून दोन्ही बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. एक रिकामी, दुसरी तळाला आलेली. "दसऱ्यापासून," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ, चहातून. तुम्ही दारावरची बेल वाजली तरी दचकता हो. मला बघवत नव्हतं."

मी खुर्चीत बसलो. मला राग यायला हवा होता आणि आलाही, पण पहिला विचार शास्त्रीय होता. "न सांगता? आणि कंट्रोल? कंट्रोल ग्रुप कुठे?"

"टेमकर," ती म्हणाली. "त्यांना कुठे देतेय? ते आहेत तसेच आहेत."

मग आम्ही दोघंही हसलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते नुसतं हसण्याचं नव्हतं. हसू ओसरल्यावर ती हळूच म्हणाली, "पण मग औषधाने काही होत नसेल, तर आज तुम्ही तिथे बोललात ते कशाने?"

मी रिकामी बाटली उजेडात धरून बघितली. याचं उत्तर ईश्वरीकडे असावं असं वाटलं. तिने साधा चहा केला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

मॅडमच्या दारापाशी उभा राहिलो. पोटात गोळा नेहमीच्या आकाराचा. औषध नाही, मुहूर्त नाही, आत गूळ ठेवलेला असण्याची शक्यता नाही. दार वाजवलं.

मॅडम बराच वेळ बोलल्या. स्वस्तिक पुसण्याआधी विचारायचं होतंत. स्टेजवर सांगण्याआधी मला सांगायचं होतंत. (मी "आलो होतो" म्हणालो. त्या "हं" म्हणाल्या.) मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "ते म्हातारे वैद्य जाताना मला काय म्हणाले माहितीये? म्हणाले, बाई, तुमच्याकडे खरं बोलणारा माणूस आहे, त्याला सांभाळा. आता सिरपचं बघू. नवीन काढू. प्रयोग परत करा. पूजा कधी करायची ते मी ठरवीन, पुसायचं कधी ते तुम्ही ठरवा. बुशराला म्हणावं, मिसळून घ्या, काय ते."

म्हणजे लॅब राहिली. आता उठून यायला हवं होतं. दोन वर्षं मी अशाच वेळी उठून आलो आहे.

"आणि मॅडम, माझं कायम व्हायचं?"

"निकाल असा आल्यावर?"

"तुम्ही म्हणालात, निकाल आला की. चांगला आला की, असं नव्हतात म्हणालात."

भुवया वर गेल्या. या वेळी मी त्या वाचल्या नाहीत, तोंडाकडे बघत थांबलो. "दिवाळीनंतर पत्र घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आणि तो पेढ्यांचा बॉक्स न्या, उरलेत. मेझपासून लांब ठेवा."

बुशराला सांगितलं तर ती म्हणाली, "बघा, वेळ होतीच." बाळाबाईंनी पेढा घेतला, हात धुतले आणि मगच पिंजऱ्याला हात लावला.

संध्याकाळी घरी पोचलो. आमच्या जागेत टेमकरांची स्कूटर. बदामाखाली कावळे माझी वाट बघत होते. मी माझी स्कूटर रस्त्यातच स्टँडवर लावली, तळमजल्यावर गेलो आणि त्यांची बेल वाजवली. ते बनियनवर बाहेर आले. मी म्हणालो, "टेमकरसाहेब, ही जागा माझी आहे. स्कूटर काढा."

"आत्ता?"

"आत्ता. मी थांबतो."

ते किल्ली शोधायला आत गेले. फार वेळ लागला. मी आवारात मधोमध उभा होतो. जिना दोन पावलांवर होता, जिन्याला दोन्ही बाजूंनी भिंत. वर बघितलं तर ईश्वरी गॅलरीत कठड्यावर वाकून उभी. हात हलवत नव्हती, नुसती बघत होती, मी जागचा हलतो का ते.

मी तिथेच उभा राहिलो.